बुडालेल्या बिया

उमरी, जि. नांदेड
४ एप्रिल २०२५

ती. सरस्वतीअक्कांना धाकट्या भावजयीचा सा. न. वि. वि.

मी अंगणात सडा टाकत होते आणि हे बनियनवर स्टुलावर चढून सायकसच्या झाडाच्या कणसाखाली वर्तमानपत्र धरून होते. काडीनं टिचकी मारली की परागांची पिवळी भुकटी पडायची. शिंक आली तर तोंड फिरव, म्हणून मला दटावलं. मग मी चहा टाकला, यांनी पुडी बांधून तिकिटांच्या पेटीत ठेवली आणि आपल्या बसवर गेले. दुपारी ती पुडी लातूर स्टँडवर तुमच्या हाती. दर मार्चमधली एक सकाळ अशीच जायची.

तुमच्या भावाला जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही म्हणून लिहिते. शिवाय लिहिताना जीभ आवरता येते.

यंदा वीस मार्चला भुकटी मीच झाडली. बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवली आहे. मुद्दाम पाठवली नाही.

यांच्या वहीत सात वर्षांच्या तारखा आहेत. आमच्याकडचं झाड नर, ते मार्चमध्ये पिकतं. तुमच्या परसातलं मादी, तिचं लोकरी डोकं वीसेक दिवसांनी उघडतं आणि चार-पाच दिवसच भुकटी घेतं. ते दिवस हुकले की वर्ष गेलं. पण यांनी दिवस कधी हुकू दिले नाहीत. तरी दर जानेवारीत वहीत तेच: बिया पाण्यात टाकल्या, सगळ्या तरंगल्या. म्हणजे आतून पोकळ. दवाखान्यात शेवटच्या दिवशीही तारीख कुठं चुकली, हेच मला विचारत होते.

मला वाटतं, तारीख चुकलीच नव्हती. तुमच्या मन्मथला त्या जागी दिवाळीनंतर गाळे काढायचे आहेत. बी धरलं नाही तर झाड पाडायला त्याला मोकळीक. भुकटी कचऱ्यात जाते का, ते खरं सांगा. ही झाडं ज्या डोंगरातली, तिथंही सरत आली आहेत. नराची कणसं औषधासाठी कापून नेतात, असं वाचनालयातल्या पुस्तकात आहे. तुमचं झाड दिवाळीनंतर पडलं, तर आमचं एकटं उरेल, आणि यांचा प्रश्नही तसाच राहील.

लोभ कमी केलात तरी चालेल, उत्तर मात्र द्या.
तुमची सिंधु


लातूर
९ एप्रिल २०२५

चि. सिंधुस अनेक आशीर्वाद. रागात लिहून राहिले, तरी आशीर्वाद खरेच.

माझा मन्मथ मामाची पुडी कचऱ्यात टाकील? लई पुस्तकं वाचली म्हणून माणसं वाचता येतात असं न्हाई. हाव, गाळे काढायचे हायेत त्याला, मी कधी लपवलं? पण पुडीला तो शिवत न्हाई. ते काम माझं. उलट तूच सांग. तुझ्या गल्लीतली चांगुणा लग्नात भेटली, ती म्हणे देगलूरचा जडीबुटीवाला तुझ्या ओट्यावर बसून चहा पिऊन गेला. यंदा पुडी आली न्हाई, ती त्याच्या झोळीत तर न्हाई गेली?

आता मी काय करते ते ऐक. काल डोकं उघडायला लागलं. लगेच माहूरच्या रेणुकाईचं लाल कापड आणून घट्ट बांधलं. वारा लागू नये, नजर लागू नये. लेकुरवाळी होणारी बाई ती, तिला उघडी टाकते का कुणी? दरसाल मग जपून ठेवलेली पुडी हळदीसारखी वरून कापडाला वाहते. सव्वा महिन्यानं कापड सोडते. सात वर्षं असंच करून राहिले. भावाला, दयानंदाला सांगितलं न्हाई, हसला असता. त्या झाडाला बी लागतं ते माझ्या हातानं, तुमच्या वहीनं न्हाई.

माया हाय तशीच हाय, जीभ तेवढी कडू झाली.
सरस्वतीअक्का


नांदेड, एसटी स्टँड
१२ एप्रिल २०२५

अक्का, आज नमस्कारालाही वेळ नाही. तुमचं पत्र सकाळी मिळालं. यांचे सोबती रामलिंगभाऊ लातूरची गाडी घेऊन निघाले आहेत, त्यांच्या हाती हे पत्र आणि बाटली देते. मन्मथला फोन करायला मला तोंड नाही.

कापड आजच सोडा. भुकटी कापडावर नको, आत लोकरीत ज्या हिरव्या गोट्या आहेत, त्यांच्यावर टाका. आज पाचवा दिवस आहे. नजर लागायचीच असेल तर मला लागू द्या.

जडीबुटीवाल्यानं कणीसच मागितलं होतं. चहा पाजून परत पाठवला.
सिंधु


उमरी
१८ जानेवारी २०२६

ती. अक्कांना नमस्कार, या वेळी सावकाश.

परवा मन्मथ येऊन गेला. बिया तुमच्याच लाल कापडात बांधून आणल्या होत्या. एप्रिलमध्ये शिडी लावून ते कापड त्यानंच सोडलं आणि बी पिकेपर्यंत गाळ्यांचं खोदकाम थांबवून ठेवलं, हे तुम्ही लिहिलं नाही, तोही बोलला नाही. रामलिंगभाऊंकडून कळलं. मी त्याला पुन्हा पुन्हा पोहे वाढत राहिले. दुसरं काय करणार? झाड आता मुळासकट काढून टेम्पोनं इकडं आणतो म्हणाला. म्हणाला म्हणजे आणेल.

तो गेल्यावर अकरा बिया बादलीत टाकल्या. सहा तरंगल्या. पाच तळाला गेल्या. मला खरं वाटेना. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. वाटलं, मामीचं मन राखायला पोरानं आत काही भरलं तर नसेल? एक वरवंट्यानं फोडून पाहिली. आत पांढरा, घट्ट गर होता. पाचाच्या चार केल्या मी. मन्मथला सांगू नका.

मग यांची वही काढली. तारीख चुकली नव्हती, एवढंच लिहिलं. कापडाचं लिहिलं नाही.

रागावत जा, पण लिहीत जा.
तुमची सिंधु

ता. क. दुसऱ्या दिवशी सडा टाकून झाल्यावर मी चारही बिया कुंडीत वाळूत पुरल्या आणि तुमचं लाल कापड कुंडीच्या काठाला बांधलं.