बाण कुठे हरवतो

नोएडा, सेक्टर १९
१९ जानेवारी १९९७

ती. कुमुदअक्कास,
मुरलीधरचा शि. सा. न. वि. वि.

तुझं संक्रांतीचं पाकीट पोचलं. सांगलीहून येईपर्यंत तिळगुळाचा चुरा झाला होता, पण सूनबाईने, रेवतीने, तो वाटीत घालून चमचा दिला आणि मी एकट्याने संपवला. थंडी कडक आहे. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये निदान शेजारच्यांच्या भिंती ऊब द्यायच्या. इथे नोएडात अजून माणसांपेक्षा प्लॉट जास्त.

तुझा एक सल्ला हवा आहे, आणि विषय तुझ्या आवडीचा आहे, म्हणजे ज्यातलं तुला काही माहीत नाही असा. कॉम्प्युटरच्या आत एक मुख्य कारभारी असतो, बाकीचे प्रोग्रॅम त्याच्या हाताखाली. आमच्याकडे आजवर डॉस होता. काळा पडदा, पांढरी अक्षरं, आज्ञा टाइप केली की काम फत्ते. माझ्या बोटांना तो पाठ आहे. आता अविनाशने विंडोज ९५ आणलं आहे. तूर्त दोन्ही ठेवलेत, पण डिस्कमध्ये दोघांना जागा पुरत नाही. होळीपर्यंत एकाला निरोप द्यायचा, आणि एकदा दिला की परत बोलावणं नाही.

इथल्या मराठी मंडळाचं वार्तापत्र मी निवृत्तीपासून काढतो हे तू जाणतेसच. छापखाना पाडव्याच्या अंकापासून फक्त विंडोजमधली फाईल घेणार आहे. मला जमलं तर अंक माझ्याकडे राहील, नाही तर मंडळातला शार्दूल करील. शार्दूल चोवीस वर्षांचा आहे आणि फार अदबीने बोलतो, त्याचाच जास्त राग येतो. खरं सांगतो अक्का, विजया गेल्यापासून सकाळी उठायला मला एवढं एकच कारण आहे.

अडचण अशी. साबणाच्या वडीएवढी वस्तू टेबलावर फिरवायची, तिला माउस म्हणतात. ती फिरवली की पडद्यावर एक बाण फिरतो. बाण जिथे नेऊन दाबाल ते उघडतं. पण हा बाण मध्येच नाहीसा होतो. अविनाश म्हणतो, “बाबा, नीट बघा ना यार.” बापाला यार म्हणण्याची पद्धत इकडे आहे, तू मनावर घेऊ नकोस. माझ्या मते मालातच खोट आहे आणि डॉसच ठेवावा. तुझं काय म्हणणं?

तुझी माया आहे म्हणून इतकं कुरकुरतो, ती आटू देऊ नकोस.

तुझा,
मुरलीधर

---

सांगली
३० जानेवारी १९९७

चि. मुरलीधर यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणून मी हे पत्र इथेच संपवणार होते. पण एकतीस वर्षं मुलींना विज्ञान शिकवलं, त्यामुळे वस्तू नाहीशी होते म्हटलं की मला झोप लागत नाही.

हा बाण नाहीसा होतो म्हणजे नेमकं काय होतं? हळूहळू पुसट होतो की दिवा गेल्यासारखा एकदम? कुठेही जातो की ठरावीक जागी? तू माउस थांबवलास तर परत दिसतो का? आणि मुख्य म्हणजे तुला दिसेनासा झाला तेव्हा रेवतीला शेजारी उभी करून विचारलंस का, की तिला दिसतो आहे का? ते विचारलं नसशील, कारण तू मंत्रालयातून निवृत्त झाला आहेस आणि विचारणं हे हाताखालच्या माणसांचं काम.

डॉस की विंडोज हे मी इथे बसून कसं सांगू? आधी बाण कुठे जातो ते कळू दे. अंक सोडायचं मात्र मनात आणू नकोस. तुझा अंक इथे माझ्या शाळेतल्या जुन्या बायका मागून नेतात, त्यांना मी काय सांगू?

संक्रांतीला पानिपतच्या लढाईच्या स्मारकाला, काला अंबला, यंदा गेला होतास ना? त्याबद्दल एक अक्षर नाही. सविस्तर लिही.

प्रकृतीस जपावं, आणि अक्काच्या प्रश्नांना कंटाळू नये.

तुझी,
कुमुदअक्का

---

नोएडा
९ फेब्रुवारी १९९७

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या प्रश्नपत्रिकेची उत्तरं देतो. बाण खाली असला की व्यवस्थित दिसतो. पडद्याच्या वरच्या अंगाला नेला की जातो. पुसट वगैरे होत नाही, नसतोच. माउस थांबवला तर अजिबात नसतो, हलवला तर कधी कधी चमकून जातो. आणि नेमकी सगळी महत्त्वाची बटणं या लोकांनी वरच ठेवली आहेत. रेवतीला विचारलं. ती म्हणाली की बाण तिथेच आहे. तिला तो लगेच सापडतो, पण ती रोज नेहरू प्लेसला ऑफिसात हेच काम करते, तिची गोष्ट वेगळी.

डॉसमध्ये हा ताप नव्हता. तिथे काय कुठे आहे हे बोटांना ठाऊक असतं, पडद्याकडे बघावंसुद्धा लागत नाही.

पानिपतला गेलो होतो. दोन बस भरून माणसं, धुकं दाट, स्तंभापाशी भाषणं लांबली. मंडळाच्या फलकाची काठी माझ्या कपाळावर आदळली. धरणाऱ्या माणसाला मी चार शब्द सुनावले. तो बिचारा म्हणत राहिला की मी जागचा हललोच नाही. परवा इथे स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटाचं दार रेवतीने उघडं टाकलं होतं, तेही नेमकं तिथेच लागलं. घरात लोकांचं लक्ष नसतं हल्ली.

राजीनामा लिहून ठेवला आहे. होळीला देईन. शार्दूलला शुद्धलेखन बरं येतं, अंक बुडणार नाही. मला मात्र फार वाईट वाटतं आहे, ते तुझ्याखेरीज कुणाला सांगितलेलं नाही.

या भावाला आठवणीत ठेव, रागाच्या का होईना.

तुझा,
मुरलीधर

---

सांगली
१८ फेब्रुवारी १९९७

चि. सौ. रेवतीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

हे पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते आहे, कारण मुरलीधरला आधी कळलं तर तो भांडत बसेल. त्याचं पत्र वाचून मला आमचे वडील आठवले. नाना साठीनंतर दाराच्या चौकटीवर डोकं आपटायचे आणि सुताराला शिव्या द्यायचे. गच्चीवरून कुणी हाक मारली तर वर बघून न बघितल्यासारखं करायचे. गावात त्यांना गर्विष्ठ म्हणायचे. आम्हीही म्हटलं. शेवटची दोन वर्षं त्यांना काहीच दिसत नव्हतं, त्याला आम्ही म्हातारपण म्हटलं.

म्हणून तू एक प्रयोग कर. विंडोजचा पडदा मोकळा ठेव आणि बरोबर मधोमध तुझी एक टिकली चिकटव. मुरलीधरला नाक पडद्यापासून एक वीत येईल असं बसव. एक डोळा तळहाताने झाकायचा, दुसऱ्याने फक्त टिकलीकडे बघायचं. तू माउस घेऊन बाण एकेका कडेकडून सावकाश टिकलीकडे आण. त्याने “दिसला” म्हटलं की कागदावर त्या जागी खूण कर. मग दुसरा डोळा. आधी हे सगळं स्वतःवर करून बघ, म्हणजे तुलना होईल. टिकलीपासून कानाच्या बाजूला चार बोटांवर एक जागा अशी असते की तिथे बाण कुणालाच दिसत नाही. ती देवानेच सगळ्यांना दिलेली आहे, तिला घाबरू नकोस. तिच्याखेरीज आणखी कुठे गेला तर कळव.

त्याला सांग की हा विंडोजमधली खोट पकडण्याचा प्रयोग आहे. मग तो उत्साहाने बसेल. मी त्याला वाकड्या अंगणाची म्हण ऐकवली होती, ती मला आता टोचते आहे.

आत्याची लबाडी पोटात घाल आणि उत्तर लवकर धाड.

तुझी,
आत्या

---

नोएडा
४ मार्च १९९७

ती. कुमुदआत्यांस,
रेवतीचा कृ. शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलंत तसंच केलं. आधी माझ्यावर केलं, चार बोटांवरची ती जागा सापडली आणि मला फारच गंमत वाटली. अविनाशही बसले. मग बाबा बसले. खोट पकडायची म्हणून वही-पेन्सिल घेऊनच आले होते.

माझा आणि अविनाशांचा कागद चारी बाजूंनी खुणांनी भरला. बाबांच्या दोन्ही कागदांचा वरचा भाग जवळजवळ कोरा राहिला. मी बाण तिथे नेऊन थांबवत होते आणि बाबा टिकलीकडे बघत शांतपणे म्हणत होते, “आण ना. कधी आणतेस?” आत्या, तेव्हा मला रडू आलं. अविनाश बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहिले. नीट बघा असं ते महिनाभर म्हणत होते ना.

बाबांनी सगळे कागद शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ बघितले. मग म्हणाले, “माल ठीक आहे.” दुसऱ्या दिवशी दिल्लीला डॉक्टरांकडे गेलो. काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. दुखत नाही, खुपत नाही, कडेने नजर खात येतो आणि माणसाला पत्ता लागत नाही. गेलेली नजर परत येणार नाही. उरली आहे ती नेमाने थेंब घातले तर टिकेल असं म्हणाले. तुमच्या प्रयोगाचे कागद त्यांनी ठेवून घेतले आणि हे कुणी केलं म्हणून दोनदा विचारलं.

हा आजार घराण्यात उतरतो, सख्ख्या भावंडांनी डोळे तपासून घ्यायलाच हवेत, असं त्यांनी बजावलं आहे. बाबा म्हणतात की हा त्यांचा हुकूम समजावा.

तुमचा हात असाच आमच्या डोक्यावर असू दे.

तुमची,
रेवती

---

नोएडा
२५ मार्च १९९७

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

होळी झाली. ठरल्याप्रमाणे एकाला निरोप दिला. डॉसला.

तुला आश्चर्य वाटेल, म्हणून कारण लिहितो. काळ्या पडद्यावर मला न बघता काम करता येत होतं. त्यामुळेच बघता येत नाही हे मला कळलं नाही. कळायला बाण हरवावा लागला. आता अविनाशने बाण मोठा करून दिला आहे आणि त्याला एक शेपूट लावलं आहे, म्हणजे फिरवला की मागे त्याच्या सावल्या उमटतात. मान वर करून शोधायची सवय करतो आहे. पाडव्याचा अंक मीच जुळवला. वेळ तिप्पट लागला. राजीनामा फाडला, आणि शार्दूलला वरच्या कोपऱ्यातल्या चुका तपासायला मदतीस घेतलं. आता त्याची अदब तितकीशी बोचत नाही.

फलकवाल्या गृहस्थांच्या घरी जाऊन माफी मागून आलो. नानांची मात्र मागता येत नाही. गर्विष्ठ समजून मी त्यांच्याशी वर्षभर बोललो नव्हतो, तुला आठवत असेल.

तू डोळे तपासलेस का? रेवतीने कळवलं, मीही वेगळ्या पत्रात विचारलं, दोन्हींची उत्तरं आली आणि दोन्हींत याचं उत्तर नाही. सगळ्या जगाला प्रश्न विचारणारी बाई माझा एक प्रश्न चुकवते आहे असं मला वाटतं.

रागावू नकोस, उत्तर दे, एवढंच मागणं.

तुझा,
मुरलीधर

---

सांगली
५ एप्रिल १९९७

चि. मुरलीधर यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

चुकवत होते. रेवतीला प्रयोग लिहून पाठवण्याआधी मी तो घरी करून बघितला होता. भिंतीवर टिकली, आणि विणायच्या सुईच्या टोकाला पांढरा मणी. उजवा डोळा ठीक होता. डाव्या डोळ्याला नाकाच्या बाजूला एका जागी मणी गेला, जिथे जायला नको होता. मी ठरवलं की दिवा चुकीच्या जागी आहे. दिवा हलवला आणि परत करून बघितलंच नाही. उत्तर जुळावं म्हणून निरीक्षण खोडणाऱ्या मुलींना मी एकतीस वर्षं वर्गाबाहेर उभं केलं.

मी भ्याले होते, मुरली. नाना अखेरीस भिंत चाचपत मोरीकडे जायचे ते मीच रोज बघत होते, तू दिल्लीत होतास.

तुझं पत्र आलं आणि काल डोळे दाखवायला गेले. डाव्या डोळ्यात सुरुवात आहे. थोडी आहे, वेळेत आलात, असं डॉक्टर म्हणाले. थेंब आजपासून सुरू केले, सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला. तूही त्याच वेळा धर. आकाशवाणीच्या बातम्या लागल्या की मी बाटली उघडीन, तेव्हा तूही उघड.

तुझ्यावर जीव आहे, तो दोन्ही वेळा न चुकता पोचेल.

तुझी,
कुमुदअक्का