पत्रांसाठी खिसा

७ ऑगस्ट १९९४, लातूर

अब्बा हो म्हणाले! म्हणजे पूर्ण हो नाही — दुकानाच्या मागच्या अंगाला, पडद्यामागं माझी मशीन राहील. "तीस वर्षं पँटी शिवून राहिलो, बिलकीस. पहिलाच लेडीज कपडा बिघडला तर नाव माझं जाईल."

बिघडणार नाही.

९ ऑगस्ट

पहिलं गिऱ्हाईक. वर्षाराणी. बारावीला आहे, मामाकडं राहून क्लास करते. गाव औशाकडचं, भूकंपात सपाट झालेलं. गंजगोलाईच्या बाजारातून मोरपंखी कापड घेऊनच आली.

"कादंबरीतल्या नायिकेचा ड्रेस हाय, दीदी. तसाच पायजे."

कादंबरीचं नाव सांगितलं आणि पाठ केल्यासारखी बोलत सुटली. मी लिहून घेतलं — सहा कळ्यांचा घेर, बाह्या कोपरापर्यंत, पाठीवर तीन बटणं, डाव्या बाजूला खोल खिसा.

"खिसा कशाला?"

"पत्रं ठेवायला."

टेप काढली तर मागं सरकली. पुस्तकातून एक चिठ्ठी काढून दिली. "माप ह्यात हाय." बघितलं, ते तिचं माप नाहीच. उंची चार इंच जास्त, छाती-कंबर पण मोठी.

"तुला ढगळ होईल."

"होऊ द्या."

१० ऑगस्ट

असं शिवणार नाही. माझ्या हातचा पहिला ड्रेस, तो अंगावर लोंबणार, आणि क्लासच्या पोरी विचारणार कुठं शिवलास म्हणून! नजरेच्या अंदाजानं तिच्याच मापाचा शिवते. चिठ्ठी गेली पेटीत.

१३ ऑगस्ट

कात्री अजून लावली नाही. कळ्यांच्या घेरात खिसा बसवायचा कुठं, तेच समजेना. ज्यानं एवढं बारीक लिहिलं त्यानं हेही लिहिलंच असेल. वाचनालयातून ती कादंबरी आणली.

१५ ऑगस्ट

दुकान बंद. सगळी वाचून काढली. नायिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पांढऱ्या साडीत आहे. पत्रं उशीखाली ठेवते, सासूला सापडतात, आणि तिथून तिचे हाल सुरू होतात. मोरपंखी ड्रेस नाही. खिसा नाही. परत एकदा पान न् पान चाळलं.

मला खोटं का सांगितलं?

१६ ऑगस्ट

क्लास सुटल्यावर आली. मी कादंबरी पुढं ठेवली. म्हणलं, दाखव ड्रेस कुठल्या पानावर आहे.

तिनं पुस्तक मिटून बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "ह्यात न्हाई. ताईनं जोडला तो."

तिची मोठी बहीण. गावी सगळ्या घरात एकटीच कादंबऱ्या वाचायची. वाचून झाली की नायिकेला काय घालायला पाहिजे होतं ते हिला सांगायची. "ह्या नायिकेपायी ताईला लई राग यायचा. म्हणायची, लिहिणाऱ्याला एवढं बी कळंना, साडीत पत्र ठेवंल कुठं? खिसा असता तर सासूला घावलं असतं का?" सांगताना हसली. पहिल्यांदाच.

मागच्या वर्षी गणपतीला वर्षाराणी गावी गेली होती. परत निघताना ताईनं हीच कादंबरी दिली, आत स्वतःच्या मापाची चिठ्ठी. लातूरला चांगल्या टेलरकडं टाक, दसऱ्याला घालीन. हिच्या क्लासची परीक्षा होती. आज जाऊ, उद्या जाऊ, असं करत राहिली. तीस सप्टेंबरला पहाटे घर पडलं. आई-वडील वाचले, ताई नाही.

"तिनं काम सांगितल्यालं, दीदी. माझ्याकडनं ऱ्हायलं."

पाणी दिलं तिला.

१७ ऑगस्ट

चिठ्ठी पेटीतून काढली. त्याच मापानं शिवणार. इंच इकडं नाही, तिकडं नाही. लोकांना नावं ठेवायची तर ठेवू देत.

२१ ऑगस्ट

घेर झाला. खिसा दोनदा उसवला. पत्र घडी करून घालून बघितलं — वरून दिसता कामा नये. तिसऱ्यांदा बसला.

अब्बांनी खुंटीवरचा ड्रेस पाहिला, शिवण उलटून बघितली. म्हणाले, "काम साफ हाय. पण त्या पोरीला लई मोठा होतो, बेटा."

"तिचा नाही, अब्बा." मग सगळं सांगितलं. इस्त्री स्वतः केली त्यांनी.

२३ ऑगस्ट

घेऊन गेली. घालून बघितला नाही. खिशात हात घालून तेवढा बघितला.

१९ सप्टेंबर

वर्षाराणीच्या क्लासच्या दोन पोरी येऊन गेल्या, साधे पंजाबी ड्रेस टाकायला. तिनंच पाठवल्या. ती नाही आली.

११ ऑक्टोबर

वर्षाराणी आली, ड्रेस घेऊन. "दसऱ्याला घालायचाय. माझ्या मापाचा करून द्या."

म्हणलं, एकदा कापला की परत तेवढा होत नाही.

"हाव. मला ठाऊक हाय."

पडद्यामागं हात पसरून उभी राहिली. मी माप घेतलं, खडूनं खूण केली, आणि तिच्यासमोरच कात्री लावली.