माझ्या डाव्या कानाचे बारा नमुने

सेक्टर आठ, चारकोप
रविवार सकाळ

तीर्थरूप दादा,

नमस्कार. (वाकून केला असं समज. गेल्या खेपेला मी न वाकताच निघून गेलो होतो, त्याची नोंद माझ्याकडे आहे.) पद्मजावहिनींनाही नमस्कार, मिहिरला आणि सूनबाईंना आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? ते विचारायचा हक्क मला उरलाय का, हा प्रश्न गेले चार महिने मी डायरीत निरनिराळ्या शब्दांत लिहितोय. उत्तर आलेलं नाही, तरी गुडघ्याचं कळव. इकडे आम्ही बरे आहोत. ‘बरे’ हा शब्द मी दोनदा खोडून पुन्हा लिहिला. शर्मिष्ठा आणि गंधाली खरोखरच बऱ्या आहेत; माझ्यापुरतं पुढे वाच. फोन न करता पत्र का, तेही पुढे येईल.

आधी ऑफिसचं सांगतो, कारण वैतागाची सुरुवात तिथून आहे. तू लोकांना अजूनही ‘आमचा मुकुल कानातली मशीन विकतो’ असं सांगतोस. ते चूक आहे, पण तो मुद्दा आज काढत नाही. आम्ही बनवतो ते यंत्र डॉक्टरांकडे असतं. त्याची रबरी बोंडी कानात घट्ट बसवायची, मग यंत्र आतल्या हवेचा दाब कमीजास्त करतं, पडदा किती हलतो ते मोजतं आणि कागदावर एक डोंगर काढून देतं. डोंगर उंच आला तर पडदा ठीक. बुटका आला तर पडदा ताठ. डोंगरच आला नाही तर पडद्याला भोक किंवा आत पाणी. आता गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी प्रत्येक यंत्र तपासायला कान लागतो, आणि इतकी वर्षं तो स्टाफचा वापरला जात होता. चहा करणाऱ्या धाकूमामांचा तर इतक्या वेळा, की एक दिवस ते किटली टेबलावर ठेवून म्हणाले, “माझो कान काय सार्वजनिक नळ आसा?” त्यात माणसाला सर्दी झाली की डोंगर बदलतो. म्हणून आमच्या चंद्रप्रकाशशेठनी मला एक कृत्रिम पडदा तयार करायला सांगितला, ज्याला कधी सर्दी होणार नाही आणि जो चहाच्या वेळेस निघून जाणार नाही.

दादा, कानाचा पडदा करणं म्हणजे काय वैताग आहे ते तुला सांगतो. फुग्याचं रबर लावलं, ते चार दिवसांत सैल पडलं. डॉक्टरी हातमोजा कापून लावला. त्याच्या अंगठ्याचा पडदा वेगळा हलतो आणि करंगळीचा वेगळा. मग कुठंतरी वाचलं की अंड्याच्या कवचाच्या आतली पातळ साल उत्तम. आठ दिवस मी स्वयंपाकघरात अंडी सोलत होतो. गंधालीने सहा दिवस भुर्जी खाल्ली आणि सातव्या दिवशी कॉलेजच्या हॉस्टेलचा फॉर्म आणून माझ्यासमोर ठेवला. (कॉलेज बोरिवलीला, घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. फॉर्म हा निषेध होता, हे मला शर्मिष्ठाने समजावलं.) ती साल एसीत वाळून तडकली. शेवटी सिलिकॉनचा अगदी पातळ पडदा, भरतकामाच्या फ्रेमवर कापड ताणावं तसा पोलादी कड्यावर ताणला, आणि ते जमलं.

पण किती ताणायचा? निरोगी माणसाच्या कानाइतका. मग निरोगी माणूस कोण? इथे मी रीतसर विचार केला, पानभर. शेठ विडी ओढतात. अक्षताला (ही आमची प्रोग्रॅम लिहिणारी इंजिनिअर, वय सव्वीस, तोंड फटकळ) बारमाही शिंका. दुसऱ्याच्या कानात दिवसातून वीसदा बोंडी घालणं मनाला पटेना. तेव्हा स्वतःचाच कान घेतला. डावा घेतला, कारण यंत्र टेबलाच्या डाव्या अंगाला आहे, वायर तिथवरच येते आणि उजव्या हाताने आकडे लिहिता येतात. वीस दिवस रोज मोजला. आकडा हलायला तयार नाही. मी डायरीत ‘माझा कान अत्यंत विश्वासू आहे’ असं लिहिलंय, आता ते खोडताही येत नाही. मग पडद्याचा आलेख आणि माझ्या कानाचा आलेख एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरायचे, आणि दोन्ही डोंगर तंतोतंत जुळेपर्यंत कडं आवळायचं. असे बारा पडदे केले. तो डोंगर मुळात किती उंच हवा, हे बघायचं मला सुचलंच नाही, कारण निकाल छापून देणारा अक्षताचा प्रोग्रॅम अजून व्हायचा होता.

तो झाला, आणि माझ्या बाराही पडद्यांवर यंत्राने छापलं: पडदा ताठ, डॉक्टरांना दाखवा.

मी अकरा दिवस त्या मुलीशी भांडलो. शेठना दोन पानी टिपण दिलं, त्यात ‘निष्काळजीपणा’ हा शब्द तीनदा आहे. तिने प्रोग्रॅम चारदा तपासला. मग तिने स्वतःचा कान लावला: ठीक. शेठचा: ठीक. धाकूमामांचा, बऱ्याच विनवण्यांनंतर: ठीक. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “सर, राग नका मानू. मशीन बरोबर आहे. आता तुमचा कान बघू या ना.” उजवा ठीक निघाला. डावा लावला आणि यंत्राने तेच वाक्य छापलं. मी तिची माफी मागितली, लेखी. ती म्हणाली लेखी कशाला, मला समोसा चालेल.

घाटकोपरच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडद्यामागचं हाड आखडलंय, आणि हे सहासात वर्षांपासून हळूहळू होत आलेलं असणार. मी घरी आलो आणि सात वर्षांच्या डायऱ्या काढून बसलो. दादा, वाचवत नाहीत. ‘शर्मिष्ठा हल्ली मुद्दाम हळू बोलते.’ (ती गाडीत डावीकडे बसते.) ‘सोसायटीच्या मीटिंगमध्ये सर्वेशने माझ्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही, माणूस उद्धट आहे.’ (डावी खुर्ची.) सात वर्षांत मला भेटलेली सगळी भली माणसं उजवीकडे बसलेली होती. आणि ज्या ज्या वेळी ऐकू आलं नसेल त्या त्या वेळी मी काय केलं असेल, हे शर्मिष्ठाला विचारलं. ती म्हणाली, “मान हलवतोस की. नेहमीच. मला वाटायचं तुला पटतंय.”

शेठना राजीनामा द्यायची माझी तयारी होती. त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. “मुकुलभाऊ, फेकता कशाला? मशीन आजारी कान पकडतं का, ते पण तपासायला लागतं ना. चांगले कान कुठेही मिळतात. आजारी कान, तो पण रोज एकसारखा आजारी, कुठून आणणार?” आता माझा डावा कान आमच्या मालाच्या यादीत ‘ताठ पडदा, नमुना क्रमांक दोन’ म्हणून आहे. बारापैकी नऊ पडदे विकलेही गेले. सगळे खूश आहेत आणि मला हसावं की चिडावं ते ठरत नाही.

बाकी ठीक. चारकोपला पाणी वेळेवर येतंय. गंधाली पुन्हा अंडी खायला लागली.

तुझा,
मुकुल

ता. क. कॅरमबोर्डचं राहिलं. मिहिरच्या लग्नात पंगतीला तू माझ्या डावीकडे बसला होतास. मी चार महिन्यांपूर्वी तुझ्या घरी डायरी घेऊन आलो आणि त्या दिवसाचं पान सगळ्यांसमोर वाचून दाखवलं, की बघ, मसालेभातात मीठ जास्त होतं इतकं लिहिलंय, पण बाबांचा कॅरमबोर्ड ज्येष्ठांच्या क्लबला देऊ का असं तू विचारल्याचं कुठेही नाही, म्हणजे तू खोटं बोलतोस. वहिनींनी चहा आणला तो तसाच टाकून निघालो. तू विचारलं होतंस. मी मान हलवली होती. (चौदा वर्षांत मी त्या बोर्डावर एक सोंगटी घेतलेली नाही, आणि घरी तो ठेवायला भिंतही नाही. तरी तुला सगळ्यांसमोर खोटारडा म्हटलं.) त्या पानावर मी निळ्या शाईने दुरुस्ती केली आहे, तारखेसह. आईने एका कोपऱ्याची जाळी साडीच्या दोऱ्याने विणली होती, ती क्लबातल्यांनी बदलली नसली म्हणजे झालं.

ता. क. २. डॉक्टर माझ्या डाव्या कानात बघत असताना बरंच काही बोलले. मी मान हलवली. बाहेर आलो तेव्हा हातात येत्या शनिवारी सकाळी नऊची ऑपरेशनची चिठ्ठी होती. काय कबूल केलं ते मला माहीत नाही आणि पुन्हा विचारायची लाज वाटते. शर्मिष्ठा येणारच आहे. पण तू ये. गुडघा बरा असेल तर, आणि माझ्या उजवीकडे बस.

ता. क. ३. वरचं लिहीत असतानाच वहिनींचा फोन आला. उजव्या हातात पेन होतं, त्यामुळे डाव्या हाताने डाव्या कानाला लावला. त्या पुष्कळ बोलल्या, आवाज प्रेमळ वाटला. मी तीनदा ‘हो वहिनी’ म्हटलं आणि त्यांनी फोन ठेवला. कशाला हो म्हटलं तेवढं कळव. बाबांचं आणखी काही कुणाला द्यायचं विचारत असतील, तर तेही द्या.