मिस हिलोच्या गोगलगाई

माउंटन व्ह्यू,
१४ नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय पुआ,

कशी आहेस? गुडघा बरा आहे का? वेगासला आता थंडी पडायला लागली असेल. इकडे अकरा दिवस पाऊस थांबलेला नाही. टाकी भरून वाहतेय, कपड्यांना कुबट वास येतोय. मागच्या आठवड्यात ओहियाचं म्हातारं झाड कुंपणावर पडलं. कुणाला लागलं नाही.

दोन वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज पाऊसपाणी सांगत बसलोय. राहू दे, हळूहळू येतो.

माझे पाळलेले सरडे अजून आहेत. चारच उरले. आईची लाडकी मिस हिलो मार्चमध्ये गेली. आठवतं ना, दुपारी आई तिला खांद्यावर घेऊन बसायची आणि टीव्हीवरची मालिका समजावून सांगायची. "हा नवरा वाईट चालीचा आहे बरं का, ह्याच्यावर भरवसा ठेवू नकोस." मिस हिलो एक डोळा टीव्हीकडे आणि एक आईकडे ठेवायची.

तू आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाला महिनाभर आलीस, तेव्हा मिस हिलोच्या पोटात पिल्लं होती. अशा वेळी मादीला गोगलगाई द्याव्या लागतात, शंखातला चुना तिला हवा असतो. पण ती खाईना. गोगलगाय नाकासमोरून सरकत गेली तरी जीभ बाहेर निघत नव्हती. मग मी मोठ्या गोगलगाई फोडून, आतल्या मांसाचे बारीक तुकडे करून, त्यांना शंखाचा चुरा लावून चिमट्याने तिच्या तोंडाशी धरायचो.

हे तुला माहीत आहे. कुठे कापायचो, ते माहीत नाही.

रोज शेडमध्ये कापायचो, तिथे माझी वेगळी फळी होती. त्या शनिवारी पाऊस कोसळत होता आणि मला अंगण ओलांडायचा कंटाळा आला. दुसरं काही कारण नाही. मी स्वयंपाकघरात, आईच्या भाजीच्या फळीवर कापलं. नंतर फळी नळाखाली धरली, साबणसुद्धा लावला नाही, आणि होती तिथे टेकवून ठेवली.

तासाभराने तू बागेतून लेट्यूस आणलंस. तीन पाण्यांतून धुतलंस, पान न् पान उलटून. मी दारात उभा राहून बघत होतो. मग तू ती फळी ओढलीस. सांगावं असं माझ्या मनात आलं, पुआ. पण वाटलं, धुतलीय की, एवढ्याने काय होतंय. मी पालेभाजीला शिवत नाही, त्यामुळे मी काही ते खाल्लं नाही. आईने दोनदा घेतलं. तूही खाल्लंस आणि तुला काही झालं नाही, हे तुला जन्मभर डाचेल असं तेव्हा मला वाटलं नव्हतं.

बाराव्या दिवशी आईचं डोकं दुखायला लागलं. मग अंगावर चादर सहन होईना, कातडी भाजल्यासारखी व्हायची. डॉक्टर म्हणाले, उंदराच्या फुप्फुसात वाढणारा जंत आहे, गोगलगाईतून माणसात येतो आणि मेंदूपर्यंत जातो. त्यांनी विचारलं, "कच्चं काही खाल्लं होतं का?" मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "मी सॅलड केलं होतं."

आणि मी तोंड उघडलंच नाही.

हॉस्पिटलात एका दुपारी तू खाली जेवायला गेली होतीस. आई डोळे मिटूनच बोलली.

"फळीवर तू मिस हिलोचं खाणं कापलं होतंस."

मी म्हटलं, "तू बघितलंस?"

"नंतर आठवलं. नळाखाली धरलेली बघितली होती. पुआला तू सांग. मी सांगितलं तर चहाडी होईल, तू सांगितलंस तर कबुली."

"आज सांगतो," मी म्हणालो. त्यानंतर ती नऊ दिवस जगली. नऊही दिवस तू माझ्या शेजारच्या खुर्चीत होतीस.

अंत्यविधीनंतर जेवणाच्या मंडपात रोलंड अंकल तुला काय बोलले ते मी पुन्हा लिहीत नाही. सगळ्यांनी ऐकलं. तू ताट ठेवून निघून गेलीस आणि तिसऱ्या दिवशी विमानात बसलीस.

मागच्या महिन्यात शेजारची लॉर्ना तुला भेटून आली. म्हणाली, "पुआ भाज्यांचा उकळून चिखल करते. नातीला हाताने घास भरवत नाही. आता ती पोरगीच आजीला विचारते, टूटू, हे धुतलंय ना?" लॉर्नाने हसत सांगितलं. मला उठून बाहेर जावं लागलं.

परवा रविवारी मी रोलंड अंकलकडे गेलो. ते जाळं शिवत बसले होते. सगळं सांगितलं, जसं वर लिहिलंय तसंच. त्यांनी सुई खाली ठेवली.

"मी तिला बोललो तेव्हा तू कुठे होतास?"

"तुमच्या मागे. भाताचं पातेलं घेऊन."

"ऐकत होतास?"

"हो."

मग म्हणाले, "माझ्या बहिणीच्या पोरीला मी खुनी म्हटलं आणि तू भात वाढत राहिलास. तिचा पत्ता ठेव इथे. आणि ऊठ. परत ह्या घरी येऊ नकोस." पत्ता लिहून मी उठलो. त्यांचं पत्र तुला ह्याच्या आधी मिळालं असेल, तर तेच खरं धर. त्यांनी माझ्याइतकं मऊ करून लिहिलं नसेल.

माफी मागत नाही. ती मागायची वेळ हॉस्पिटलातल्या त्या खुर्च्यांवर होती. हे पत्र तुझ्या मुलीला वाचायला दे, लॉर्नाला दे, ज्यांच्यासमोर तुझी मान खाली गेली त्या सगळ्यांना दे. तुझा हात स्वच्छ होता, पुआ. पहिल्यापासून स्वच्छ होता.

आईचा अपराधी, आणि दोन वर्षं तुझ्या आडोशाला लपून बसलेला,
वेंडेल