फक्त एक स्टॉप

२ मार्च, सोमवार
डॉक्टरीणबाईंनी मुलीला कागदावर आजार लिहून दिला. अँग्झायटी. आमच्या वेळी याला नखरे म्हणायचे. बस आली की हिचे हातपाय गार पडतात, म्हणून दोन महिने घरात. कामावरून काढून टाकलं. चोवीस वर्षांची घोडी झाली.
बाईंनी ही वहीपण दिली. रोज लिहायचं, भीती कशाची वाटली, दहापैकी किती. मुलगी म्हणे, मी मोबाइलमध्ये लिहीन. कोरी वही वाया कशाला घालवू? मी लिहिणार. चौथी पास आहे, अक्षर वळणदार आहे.
ठरवलं. महिन्याभरात पोरगी ठणठणीत करायची.
माझी भीती : दहापैकी शून्य.

३ मार्च
बाईंनी तिला सांगितलंय, आजार झाला ही तुझी चूक नाही, पण त्यातून बाहेर पडणं तुझंच काम. रोज फक्त एक स्टॉप जायचं आणि उतरायचं. मुलगी म्हणाली, आई, पहिल्या दिवशी तू चल. बोलू नकोस काही, नुसती शेजारी राहा.
न बोलणं मला जमायचं नाही, तरी हो म्हटलं. बाई शहाणी आहे. माझंच बोलते, फक्त फी घेते.

४ मार्च
तिच्याबरोबर जायचं राहिलं. मी कामाला जाते त्या लाँड्रीत हॉटेलच्या दीडशे चादरी. संपवून निघाले, कोपऱ्यावर आल्यावर वाटलं, इस्त्रीचं बटण बंद केलं का? परत गेले. बंद होतं. पुन्हा कोपरा, पुन्हा परत. बंदच. याला जबाबदारी म्हणतात, आजार नव्हे.
मुलगी स्टॉपवर तासभर उभी राहून घरी आली. तोंड एवढंसं.
भीती : शून्य.

६ मार्च
तोडगा काढला. सुटताना इस्त्रीच पिशवीत घालून घरी आणते. चार किलो आहे, पण डोकं शांत. मालक म्हणाला, मावशी, इस्त्री कुठे जाते रोज? म्हटलं, चोऱ्या वाढल्यात. म्हणतो, चोर दीडशे चादरी सोडून जुनी इस्त्री नेईल का? अक्कल बेताचीच आहे त्याची.

९ मार्च
आज गेलो दोघी. बस आली. पोरीने माझा हात धरला, बर्फासारखा हात. मी म्हटलं, फार गर्दी आहे, जाऊ दे. दुसरी रिकामी आली. म्हटलं, रिकामी का असेल? काहीतरी बिघाड असणार. तिसरीचा ड्रायव्हर मला पटला नाही.
मुलगी बघतच राहिली. म्हणाली, आई, तू शेवटची बसमध्ये कधी चढलीस?
काय पण प्रश्न! चालणं तब्येतीला बरं. अकरा वर्षं चालतेय. हे गेले तेव्हा आम्ही बसमध्येच होतो. खिडकीशी बसले होते. मला वाटलं, डोळा लागलाय. झोपू दे म्हणून चार स्टॉप हलवलं नाही. पण त्याचा इथे काय संबंध?
मुलगी म्हणाली, एकदा येशील का माझ्या डॉक्टरीणबाईंकडे? म्हटलं, भीती तुला वाटते की मला?
तिने हात सोडला.

१४ मार्च
एकटी गेली! एक स्टॉप. घामाघूम होऊन आली आणि हसत होती. शेवटी आईचं वळण कामाला आलं.

२९ मार्च
तिला नोकरी लागली, पार दुसऱ्या टोकाला. तिथेच खोली घेतलीय. म्हणाली, आई, तुझ्याजवळ राहिले तर मी पुन्हा दार लावून बसेन. वाईट वाटून नाही घेतलं. डोळ्यांत इस्त्रीची वाफ गेली होती. ती म्हणाली, घरात कुठली वाफ? मी पिशवीकडे बोट दाखवलं.
पुढच्या रविवारी जेवायला बोलावलंय. एकोणीस स्टॉप. जाणारच.

५ एप्रिल, रविवार
दहा वाजता स्टॉपवर. नवी साडी, खांद्याला पिशवी. सात बस सोडल्या. प्रत्येकीत काही ना काही होतंच.
मुलीचा फोन आला. निघालीस? म्हटलं, बसलेय की, खिडकीशी. मागे पंक्चरवाल्याची हातोडी चालू होती, ती तिने ऐकली असणार.  मग म्हणाली, आई, एकोणीस नको. आज फक्त एक स्टॉप ये. मी तिथे येऊन थांबते.
ती तिथे तीन वाजेपर्यंत थांबली होती.
माझा इलाज नव्हता. लाँड्रीतलं बटण डोक्यात आलं. इस्त्री खांद्यालाच होती, तरी जाऊन शटरच्या फटीतून बघून आले.
बंद होतं.