चौथ्या तारेचा ठोका

३ तारीख, सोमवार
नोकरी लागली! जुन्या कॉम्प्युटरांच्या संग्रहालयात, दुरुस्तीच्या टेबलावर. बाबांना माझ्याहून जास्त आनंद. जन्मभर टीव्ही दुरुस्त केले त्यांनी. आता कान गेलेत, पण उत्साह तोच. संग्रहालयाच्या बाईंनी दोन किल्ल्या दिल्या, तर एक बाबांनी हक्काने खिशात टाकली. रोज डबा घेऊन येणार म्हणे. बाईंनी एकच बजावलं: कोपऱ्यातल्या मॉनिटरला चापट मारायची नाही. आधीचा माणूस मारायचा. तो कुठे गेला, ते काही त्या बोलल्या नाहीत.

४, मंगळवार
तोच मॉनिटर नशिबी आला. लाल, हिरवी, निळी अशा तीन तारा रंग देतात. चौथी ठोका देते, म्हणजे ओळ कुठून सुरू करायची, चित्र कुठून सुरू करायचं ते सांगते. कॉम्प्युटर आडवा आणि उभा ठोका वेगवेगळा पाठवतो, या शहाण्याला दोन्ही एकाच तारेत हवेत. दोन्ही एकत्र करणारी छोटी सर्किटची पट्टी बनवली. तरी चित्र आपलं वर सरकतंच आहे.

५, बुधवार
ठोका उलटा करून पाहिला, चित्र तिरकं फाटलं. बाबा डबा घेऊन आले, म्हणाले की असली खोकी लाडाने ऐकत नसतात, आणि मी अडवायच्या आत ठेवून दिली एक. चित्र थांबलं! पण त्यात कॉम्प्युटरची अक्षरं नव्हती. हेच टेबल होतं. एक माणूस स्वतःच्या डाव्या हातावर हातोडी घालत होता, एका लयीत. बाबांना चष्म्याविना चित्र थांबलं एवढंच दिसलं, ते खूश.

७, शुक्रवार
चौथी तार काढून टाकली. तरी चित्र स्थिर. आता त्यात बाई आहेत, टेबलावर पालथा पंजा. हातोडी माझी. बाईंना सांगितलं तर वेड्यात काढतील, म्हणून गप्प बसले.

१०, सोमवार
चित्र सरकायला लागलं आणि माझा उजवा हात हातोडीसकट उठला. बाई पट्टी बघायला वाकल्या होत्या, पंजा टेबलावर. तीन घाव. बोटं चेचली, हाड मोडल्याचा आवाज आला, माझ्या तोंडावर रक्त उडालं. प्रत्येक घावाला चित्र थांबत होतं — मी तेवढंच बघत होते. देवा, तेवढंच बघत होते.
बाई बाहेर पळाल्या, कुलूप लावलं. माणसं घेऊन येते म्हणून ओरडल्या. बरं केलं.

त्याच दुपारी
डाव्या हाताने लिहिते. उजवा टेबलाच्या पायाला वायरने बांधलाय. हातोडी — बोटं सोडत नाहीत. प्लग काढला, फरक नाही. मॉनिटरची काच फोडायला गेले, हात वळला नाही. चित्रात आता खुर्ची. खुर्चीत बाबा. डोकं मागून —
डब्याची वेळ झाली.

नंतर
वायर तुटली. पावलं — त्यांचीच. ओरडतेय, परत जा बाबा, परत — घसा फाटला. ऐकूच येत नाही त्यांना.
किल्ली फिरली.
डबा ठेवला. चष्मा खिशात, रक्त दिसलं नाही. चित्र सरकतंय तेवढं दिसलं. हसले. खुर्ची ओढून बसले, पाठ माझ्याकडे, चापट मारायला हात —
मारा बाबा, तुम्हीच मारा, जोरात, म्हणजे मला मारावं लागणार —
मारली. चित्र थांबलं नाही. माझा हात