गौर फरशीवरून आली

प्रिय वहिनी,

आज दुपारी आपल्या घरी गौर आली. ती कशी आली, हे तुला सांगितल्याशिवाय मला दुसरं काही सुचणार नाही, म्हणून हे पत्र. उद्याच्या डाकगाडीनं मुंबईला लेख पाठवायचा आहे. तो अर्धा लिहून बाजूला सारलाय. इतक्या वर्षांत मी संपादकांना कधी थांबवलं नाही. आज थांबतील!

तुला वाचता येत नव्हतं. माझं पत्र आलं की तू ते शाळेच्या मास्तरांकडून वाचून घ्यायचीस आणि पुढच्या भेटीत मला सुनवायचीस, "भावजी, लई लांबण लावता तुमी." आजही लांबण लागणार आहे, वहिनी. ऐकून घे.

आठवतं का गं, हे सगळं दादाच्या चांगुलपणातून सुरू झालं? बोरघाटातलं रेल्वेचं काम संपलं, तेव्हा तो तिथं पाथरवटांवर मुकादम होता. येताना त्यानं काळ्या दगडाच्या घडीव फरश्या बैलगाड्या भरून आणल्या आणि माजघरात बसवल्या. गावातलं फरशीचं ते पहिलं घर! "पारूचे हात शेणातून सुटतील," असं तो मला म्हणाला होता. तुझ्यासमोर म्हणाला असता तर! पण आपल्या घरातल्या पुरुषांना बायकोशी गोड बोलायचं तर आधी घसा खाकरावा लागतो, आणि खाकरून झालं की ते अंगणात निघून जातात.

तुझे हात सुटले नाहीतच. आईनं फरशीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "दगडावर लक्ष्मी बसंल का गं? सारव."

आणि तू सारवलंस. काळ्याभोर घडीव दगडावर शेण! वाळलं की त्याचे पोपडे सुटायचे, पावसाळ्यात त्यावर बुरशी धरायची. मग तू आधी खरवडायचीस, नंतर धुवायचीस आणि वर पुन्हा सारवायचीस. ज्या फरशीनं एक काम वाचायचं, तिनं तीन करून ठेवली.

शेवटी कोंडाण्याचा मामा घसरला. ओल्या सारवणावर पाय पडला आणि हातातल्या ताटासकट तो थेट उखळापाशी जाऊन थांबला. पडल्या पडल्या दादाला म्हणाला, "मुकादम, तुमची आगगाडी घाटातून अशीच उतरती का रं?" सगळे हसले. तू हसली नाहीस. तू शेणाची पाटी उचलून बाहेर ठेवलीस आणि आईला म्हणालीस, "आत्याबाई, दगड धुवायचा असतो, सारवायचा नसतो. धुतलेली फरशी सारवलेल्या भुईइतकीच शुद्ध हाय."

तुझं एवढंच एक म्हणणं होतं, वहिनी. आयुष्यभर तू दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही.

आईनं घोंगडी गुंडाळली. "मी गाईपाशी निजते. तिथली भुई तरी भुई हाय." आणि ती खरंच गोठ्यात राहायला गेली! विहिरीवर बायका बोलायला लागल्या, पारूनं सासू गोठ्यात घातली. तू खाली मान घालून दोन्ही वेळा तिचं ताट गोठ्यात नेत होतीस. आई सगळं जेवायची, वर ताक मागायची, आणि तुला ऐकू जाईल अशा बेतानं गाईला सांगायची, "तू बरी गं बाई. तुला फरशी लागत नाय."

दुसरी सून रडली असती. तू कामाला लागलीस.

आधी नुसत्या राखेच्या पाण्यानं फरशी पुसलीस. वाळल्यावर तिच्यावर पांढुरकी कळा आली. मग शिकेकाई. तिचा पिवळट डाग राहिला. मग ठाकरवाडीच्या बायका कर्जतच्या बाजाराला जाताना आपल्या दारावरून रिठे घेऊन जायच्या, त्यांच्याकडून तू भाताच्या बदल्यात रिठे घ्यायला लागलीस. पहिल्या वेळी रिठा इतका घातलास, की फरशी मामाच्या सारवणाहून निसरडी झाली! पण आठवड्याभरात तुझा हात बसला. मूठभर टरफलं रात्री भिजत घालायची, सकाळी उकळून कुस्करायची, फडक्यातून गाळून घ्यायची आणि बादलीभर पाण्यात त्याची एक वाटी. त्यात कडुनिंबाच्या पाल्याचा काढा. तेलकट डाग असेल तिथं आधी कोरडी राख आणि नारळाचा काथ्या. सगळ्यात शेवटी साधं पाणी, आणि सणावारी त्यात परसातल्या गवती चहाची दोन पाती चुरून.

विकत घेतलेलं काही म्हणजे काहीच नाही!

पोतेऱ्यांचं तर तुला वेडच लागलं होतं. एका फडक्यानं फरशी पुसली जात नाही, नुसती ओली होते, हे तुझं म्हणणं. म्हणून तू गोणपाटाचा तुकडा आत घालून वर-खाली जुनं लुगडं लावायचीस आणि गोधडीसारखे टाके घालायचीस. दोन पोतेरी जोडीनं असायची, एक ओलं आणि एक कोरडं. काम झालं की राखेच्या पाण्यात उकळायची, आपटायची आणि कुंपणावर उन्हात टाकायची. पोतेरं झिजलं की त्याच्या चिंध्या बांबूला बांधून उभं पोतेरं. चिंध्याही संपल्या की चूल. आणि चुलीतली राख पुन्हा फरशीला! मी एकदा म्हणालो, "वहिनी, तुझ्या घरातून काही बाहेर जातं की नाही?" तू म्हणालीस, "जातात की. भावजी जातात, दर सुट्टी संपली की."

त्या उभ्या पोतेऱ्यावरून काय गहजब झाला! आई गोठ्याच्या दारातून ओरडली, "उभ्यानं पुसतीस? पाठ वाकंना व्हय गं तुजी?"

"वाकती की, आत्याबाई. उठताना बोंबलती."

आणि त्याच दिवशी आईला पोतेऱ्यात स्वतःच्या लुगड्याचा हिरवा काठ दिसला. "माज्या लुगड्यानं भुई पुसतीस?"

तू पोतेरं पिळलंस, झटकलंस आणि म्हणालीस, "गौरीच्या वाटंला लागलंय तुमचं लुगडं. पेटीत कुजून काय मिळनार व्हतं त्याला?"

त्या दिवशी आईनं जेवताना ताक मागितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच, असं दादा म्हणतो.

पण ती घरात काही येईना, आणि गौर तोंडावर आली. त्या साली मी छापखान्यातून सुट्टी काढून आलो होतो. गोठ्यात जाऊन आईची समजूत घालू पाहिली. ती म्हणाली, "गौर सारवल्या भुईवर बसती. तुमच्या दगडावर यायची नाय, आन् मीबी यायची नाय." मी येऊन तुला सांगितलं. तू क्षणभर देवघराकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "भावजी, पहार आना."

देवघरासमोरची एक फरशी आपण दोघांनी उचकटली. दादा धावत आला. "आगं, मोडतीस काय? घाटातला दगड हाय तो!" तू म्हणालीस, "एकच घेते. बाकीच्या तुमच्या." त्या चौकोनात वारुळाची माती भरलीस, चोपलीस, शेणानं सारवलीस, आणि गोठ्याच्या दारात जाऊन उभी राहिलीस. "आत्याबाई, तुमची भुई घरात आनलीय. चला."

आई आली. फरशीवरून चवड्यांवर चालत आली, गरम तव्यावरून चालल्यासारखी! चौकोनावर बसली, हात फिरवून पाहिला आणि म्हणाली, "बाकीचं तुजं तू बघ." त्यापुढे ती कायम तिथंच बसून जेवली.

पण गौरीनं दारापासून चौकोनापर्यंत यायचं कसं? मध्ये फरशीच होती. त्यावरही आईनं तोड काढली. उंबऱ्यापासून चौकोनापर्यंत लाकडी पाट मांडले आणि गौरीची पावलं त्या पाटांवर काढली. तेरड्याची गौर हातात घेतलेली पोर एका पाटावरून दुसऱ्या पाटावर तोल सांभाळत यायची, मागून सगळ्या बायका, आणि तू कोपऱ्यात पदर तोंडाला लावून हसत असायचीस.

एक गोष्ट मात्र मला कधी पटली नाही, वहिनी. आई गेल्यावर तरी पाट उचलायचे होतेस! तेव्हा घर तुझं होतं. मी विचारलंही होतं. तू म्हणालीस, "एवढ्या वर्सांचं भांडान हाय, भावजी. समोर कुनी नसताना जिंकू कशी?" आणि दर वर्षी स्वतःच्या हातानं पाट मांडत राहिलीस.

साथीच्या दिवसांत मी मुंबईहून फरशीवर टाकायच्या औषधाची बाटली आणली, ते आठवतं? तू चार थेंब पाण्यात टाकलेस, पाणी पांढरं झालं. "दुधासारखं दिसतंय आन् पिलं तर मरतंय. असलं मी पोरांच्या घरात ठेवू कशापायी?" सगळी बाटली मोरीत गेली. मला तेव्हा राग आला होता. पण अंगणात रांगणारी तीन पोरं मलाही दिसत होती.

आता जे लिहायचं आहे, त्यासाठी मी इथवर आलो.

दीड वर्षापूर्वी, माघात तू आजारी पडलीस. घरातल्यांना तू स्पष्ट सांगून ठेवलं होतंस, "माजा जीव जाताना मला फरशीवर घ्या. माज्या हातानं पुसलीय मी ती." पण वेळ आली तेव्हा जमलेल्या बायकांनी ऐकलं नाही. भुईवर घ्यायला हवं, फरशीवर जीव अडकतो, असं म्हणत त्यांनी तुला आईच्या चौकोनावर ठेवलं. मी पोचेपर्यंत सगळं झालं होतं. दादा भिंतीला टेकून बसला होता. तुझी सून यमुना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं तिचं. मला पाहून एवढंच म्हणाली, "धाकटं मामंजी, मी सांगत व्हते. कुनी आयकलं नाय."

तुझं एवढं एकच म्हणणं, आणि तेही शेवटी तुझ्याच घरात टाकलं गेलं! मला त्याचं फार वाईट वाटलं. तुला वाटलं का गं?

गेल्या भाद्रपदात दुखवटा होता, गौर बसवली नाही. आज बसवायची होती. मी सकाळी नेरळहून चालत आलो तेव्हा यमुना माजघर पुसत होती. उभ्यानं. पोतेरं ओळखीचं वाटलं, म्हणून जवळ गेलो. तुझं अंजिरी लुगडं होतं ते, वहिनी.

पाट भिंतीशी उभे करून ठेवलेले. मी विचारलं, "यमुना, पाट नाही मांडायचे?"

"न्हाई."

एवढंच. मग तिनं चौकोन सारवला, तांदळाचं पीठ कालवलं, आणि उंबऱ्यापासून सरळ फरशीवर पावलं काढायला बसली. काळ्या दगडावर पांढरी पावलं! इतकी वर्षं ती पाटांवर का कोंबली होती, असं वाटावं इतकी ती उठून दिसत होती.

दुपारी नदीवरून बायका गौर घेऊन आल्या. पुढे भागीकाकू होती, तुला चौकोनावर उचलून ठेवणाऱ्यांत जी पहिली होती, तीच. उंबऱ्यात थबकली. "गं यमुने, दगडावर पावलं? सासूनं कायी शिकवलं का न्हाई तुला?"

यमुना म्हणाली, "सासूनंच शिकवलंय."

गौर घेतलेली पोर उंबऱ्याबाहेर, एक पाय उचललेला. मला वाटलं, आता मलाच काहीतरी बोलावं लागणार. पण दादा उठला. गुडघ्यावर हात ठेवत खाली वाकला, पहिल्या पावलाच्या बाजूला फरशीवर तळवा दाबून फिरवला, आणि तो तळवा भागीकाकूसमोर धरला. त्याला घसाही खाकरावा लागला नाही, वहिनी. म्हणाला, "बघ. पारूनं घालून दिल्याली रीत हाय."

तळव्यावर काही नव्हतं.

भागीकाकूनं तळव्याकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं, आणि पोरीच्या पाठीला हात लावला. "चल गं. पावलं मोडू नको." आणि गौर फरशीवरून चालत आली. आईच्या चौकोनावर बसली. जाताना भागीकाकू यमुनेपाशी थांबून म्हणाली, "वास बरा येतोय तुज्या दगडाला."

तू म्हणाली होतीस ना, समोर कुणी नसताना जिंकू कशी? आज समोर सगळा गाव होता.

यमुनेनं मला विचारलं, आता चौकोनावर फरशी बसवून टाकायची का? मी म्हटलं, नको. चौकोन आईचा आहे. आणि त्यातून निघालेली फरशी मागच्या दारी तुझी धुणं धुवायची शिळा होऊन बसलीय. पोतेरी आपटायला तिच्याइतकी चांगली दुसरी शिळा नाही. तिला तिथून हलवली, तर तू मला स्वप्नात येऊन बोलशील.

गौर बोळवली की ती पावलं मी पुसणार आहे. यमुना हसली, म्हणाली, तुमाला जमायचं नाय. जमेल. रिठे आजच भिजत घालतो. आणि माझी वेळ येईल तेव्हा मला कुठे घ्यायचं, हे मी दादासमोर यमुनेला सांगून ठेवलंय, म्हणजे त्या दिवशी भागीकाकूचं काही चालणार नाही.

फरशीवर. धुतलेली असेल, हे माझं वचन.

तुझा,
भावजी राघू